पत्रकातल्या नोकऱ्या कोण मोजणार?

पत्र

"मी जालना तालुक्यातली. 2019 ची बी.कॉम. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत एका सरकारी कार्यालयात 11 महिने काढले, आता घरी आहे. धाकटा भाऊ आयटीआय वेल्डर पास, पण रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराकडून हेल्पर म्हणून जातो. पदवीधर मतदारसंघाचे एक इच्छुक उमेदवार सध्या गावोगाव मेळावे घेत आहेत. त्यांच्या पत्रकात चार गोष्टी आहेत : सहा वर्षांत मराठवाड्यात 1 लाख नोकऱ्या, प्रत्येक तालुक्यात कौशल्य केंद्र आणि दरवर्षी 30 हजार तरुणांना दरमहा 10 हजार विद्यावेतन देऊन सहा महिन्यांचं प्रशिक्षण, कारखान्यांत 80 टक्के भूमिपुत्रांचा कायदा, आणि आम्हा प्रशिक्षणार्थींना कायम करणं. वडील म्हणतात, निवडणूक आली की सगळे असंच बोलतात. मला तेवढ्यावर सोडून द्यायचं नाही. पुढच्या रविवारी ते आमच्याकडे येणार आहेत. त्यांना काय विचारू? आणि तोवर आम्ही दोघा भावंडांनी काय करावं?"

उत्तर

ताई, पत्रकातला आकडा खरा की खोटा यावर वाद घालू नका. "एक लाख कशाला, दोन लाख देऊ" असं उत्तर येईल आणि टाळ्या पडतील. त्याऐवजी प्रत्येक वचनाला एकच गोष्ट विचारत चला : यातलं तुमच्या हातात काय आहे, आणि झालं की नाही हे कोण मोजणार?

आधी ते कुठे निवडून जाणार आहेत ते पाहू. पदवीधरांचा आमदार विधान परिषदेत बसतो. तुमच्या मतदारसंघाची मागची निवडणूक 1 डिसेंबर 2020 ला झाली, सहा वर्षांची मुदत 2026 च्या अखेरीस संपते. अर्थसंकल्पातल्या अनुदानाच्या मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत होतं. परिषद चर्चा करते, पण मत देत नाही. धन विधेयक परिषदेला फार तर 14 दिवस ठेवून घेता येतं. म्हणजे ज्या पैशातून ही केंद्रं, हे विद्यावेतन निघायचं, त्या पैशावर तुमच्या उमेदवाराला मतच नसेल. आमदार निधी वर्षाला 5 कोटी मिळतो, पण तो टिकाऊ कामांसाठी असतो, विद्यावेतन त्यातून देता येत नाही. आता हिशेब मांडा : 30 हजार तरुण, 10 हजार रुपये, सहा महिने, म्हणजे वर्षाला 180 कोटी. हे नुसतं विद्यावेतन झालं. निदेशकांचा, म्हणजे शिकवणाऱ्यांचा पगार, यंत्रं, कच्चा माल, वीजबिल अजून यात धरलेलंच नाही.

म्हणून परिषदेचा आमदार बिनकामाचा, असं मात्र मुळीच नाही. देशाला ज्या रोजगार हमीने वाट दाखवली, ती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आली आणि ते 1960 ते 1978 या काळात विधान परिषदेचे सभापती होते. 1965 मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, 1972 च्या दुष्काळात योजना राज्यभर पोचली, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. त्यातली आमच्या मते सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट अशी की पैसा कुठून येणार हे कायद्याच्या आधी ठरलं होतं. 1975 चा व्यवसाय कर याच कामासाठी आणला गेला. आजही पगारपत्रकात दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात, वर्षाचे 2,500, तो हाच कर. मागेल त्याला काम हे वचन उभं राहिलं, कारण त्याच्या मागे कराचं नाव होतं आणि मजुरांची हजेरी होती. तुमच्या उमेदवाराच्या पत्रकात या दोन्ही गोष्टी कुठे आहेत, ते शोधा.

निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्यांवर एक वेगळा भाग आहे. वचनामागचं कारण आणि पैसा कुठून उभा करणार याची ढोबळ दिशा जाहीरनाम्यात असावी, अशी अपेक्षा त्यात आहे. तेव्हा "पैसा कुठून?" हे विचारणं उद्धटपणाचं नाही. बिनधास्त विचारा.

मराठवाड्यातून परिषदेवर जाऊ पाहणारा माणूस रोजगार आणि प्रशिक्षणाबद्दल बोलत असेल तर त्याला संविधानाचं कलम 371(2) तोंडपाठ असायला हवं. या कलमानुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं नेमता येतात. तंत्रशिक्षण व व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी आणि राज्य सरकारच्या सेवांमध्ये नोकरीची पुरेशी संधी यांची न्याय्य व्यवस्था लावण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवता येते. तुमच्या पत्रातले दोन्ही विषय शब्दशः त्यात आहेत! मंडळं 1994 मध्ये आली आणि त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. उमेदवाराला विचारा : मराठवाड्यातल्या आयटीआयच्या जागा, निदेशकांची रिक्त पदं आणि सरकारी नोकरीतला मराठवाड्याचा वाटा, या तिन्हींची जिल्हावार आकडेवारी सभागृहाच्या पटलावर ठेवायला लावाल का, आणि कोणत्या अधिवेशनात? हे परिषदेच्या आमदाराच्या पूर्ण आवाक्यातलं काम आहे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा ही आयुधं त्यासाठीच असतात.

आता 1 लाख नोकऱ्या. सहा वर्षांनी भागलं की महिन्याला जवळपास 1,400 होतात. पत्रकात या कोणत्या धंद्यात निघणार हे लिहिलेलं नसेल, तर ते आधी विचारा, कारण धंद्याप्रमाणे हिशेब पार बदलतो. जुलै 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनसाठी टोयोटा किर्लोस्करचा करार झाला तेव्हा 20 हजार कोटींची गुंतवणूक आणि साधारण 8 हजार थेट नोकऱ्या सांगितल्या गेल्या. म्हणजे एका नोकरीमागे अडीच कोटी. या दराने 1 लाख नोकऱ्यांना अडीच लाख कोटी लागतील. मोटारीच्या कारखान्यात रोबो आणि प्रेस यांवरच पैसा जातो, माणसं कमी लागतात. कपडे शिवणं, बियाण्यांची प्रतवारी आणि पॅकिंग, डाळमिल, गोदाम या कामांत तोच पैसा कितीतरी जास्त हातांना काम देतो, पण पगार कमी असतो आणि काम हंगामी असतं. जालन्यात स्टीलही आहे आणि बियाणंही आहे. उमेदवाराने यातलं काय धरलंय, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला वजन नाही.

दुसरा धोका करारांचा. सामंजस्य करार म्हणजे इरादा असतो, त्याने कारखाना उभा राहत नाही. फेब्रुवारी 2018 च्या मॅग्नेटिक महाराष्ट्र परिषदेत 4,106 करार झाले, 12.10 लाख कोटींचे, आणि सुमारे 37 लाख रोजगारांची शक्यता सांगितली गेली. करारानंतर जमिनीचं वाटप, पाणी आणि विजेची मंजुरी, पर्यावरण परवानगी, कर्ज, बांधकाम, यंत्रं आणि मग भरती, असा प्रवास असतो आणि प्रत्येक टप्प्यावर गळती होते. दरेगावच्या ड्राय पोर्टचं, म्हणजे समुद्रापासून दूर कंटेनर हाताळणाऱ्या कोरड्या बंदराचं भूमिपूजन डिसेंबर 2015 मध्ये झालं, ते तुमच्या जवळच आहे. तिथे जाऊन बघितलंत तर भूमिपूजन आणि भरती यांत किती अंतर असतं, याचा अंदाज येईल.

रोजगार मेळाव्यांच्या आकड्यांतही असंच होतं. कंपन्यांनी कळवलेली रिक्त पदं, मुलाखतीला आलेले, 'प्राथमिक निवड' झालेले आणि प्रत्यक्ष रुजू झालेले, हे चार वेगळे आकडे असतात. बातमीत बहुधा पहिला किंवा तिसरा येतो. चाकणला 15 हजारांवर निवड झालेली मुलगी खोलीभाडं आणि मेस धरून हिशेब करते आणि जात नाही. तिला दोष देता येत नाही, पण मेळाव्याच्या यादीत ती 'नोकरी मिळालेली' म्हणून राहते.

मग मोजायचं कसं? एक साधी कसोटी सुचवतो. नोकरी लागल्यावर 12 महिन्यांनी त्या माणसाच्या यूएएनवर, म्हणजे निधीतल्या त्याच्या कायम क्रमांकावर, भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी जमा होत असेल तर ती नोकरी धरा. भविष्यनिर्वाह निधी 20 किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला लागू होतो, त्यामुळे छोटी दुकानं यात येणार नाहीत, हे मान्य. तरी पत्रकातल्या मोठ्या वचनाला ही कसोटी योग्य आहे. एक सावधगिरी घ्या. निधीत नवीन नावं वाढली म्हणजे तेवढ्याच नव्या नोकऱ्या निर्माण झाल्या असं नव्हे. आधीपासून राबणाऱ्या कामगाराचं नाव पहिल्यांदा चढलं तरी आकडा वाढतो. चांगलीच गोष्ट आहे ती, फक्त ती नवी नोकरी नाही.

उमेदवार बेरोजगारीची टक्केवारी सांगू लागले तर कोणत्या मोजमापाने, तेही विचारा. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात 'चालू साप्ताहिक' पद्धतीत आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. 'नेहमीची स्थिती' या पद्धतीत वर्षात 30 दिवसांचं दुय्यम कामही चालतं. तुम्ही दिवाळीत महिनाभर काकांच्या दुकानात हिशेब लिहिलात तर त्या मोजमापात तुम्ही बेरोजगार नाही. म्हणूनच सरकारी टक्केवारी आणि घराघरातलं चित्र जुळत नाही असं वाटतं.

कौशल्य केंद्रांकडे वळू. इथे जरा खोलात जाणं भाग आहे, कारण पैसा आणि पोरांची वर्षं सर्वांत जास्त इथेच वाया जातात.

मराठवाड्यात 8 जिल्हे आणि 76 तालुके. 30 हजार भागिले 76 म्हणजे एका केंद्रात वर्षाला सुमारे 395 मुलं. सहा महिन्यांचा कोर्स म्हणजे वर्षात दोन फेऱ्या, एका वेळी 197 जण. कार्यशाळेत एका निदेशकाकडे 20 मुलं, हा आयटीआयचा रिवाज. म्हणजे एका वेळी 10 तुकड्या, 10 निदेशक. सगळ्या तालुक्यांचे मिळून 760 निदेशक. आज सरकारी आयटीआयमध्येच शिल्प निदेशकांची पदं भरलेली नसतात आणि तासिका तत्त्वावर माणसं घेऊन वेळ मारून न्यावी लागते, तेव्हा हे 760 जण कुठून आणणार? निदेशक व्हायला नुसता हातचा कसब पुरत नाही, शिकवण्याचं एक वर्षाचं प्रशिक्षणही लागतं. म्हणजे पहिल्या वर्षी निदेशक घडवायचे, दुसऱ्या वर्षी केंद्रं उघडायची. पत्रकात ही पहिली पायरी आहे का?

भावाच्या ट्रेडचंच उदाहरण घ्या. वेल्डरच्या प्रात्यक्षिकात 3.15 मिलिमीटरचा एक रॉड जळायला मिनिट-दीड मिनिट लागतं. हात बसायचा तर मुलाने दिवसाला निदान 10 रॉड जाळले पाहिजेत. म्हणजे फार तर पंधरा मिनिटं आर्क, म्हणजे प्रत्यक्ष वेल्डिंग. 20 मुलांचे दिवसाला 200 रॉड, महिन्याच्या 22 दिवसांचे 4,400, वजनात शंभर किलोच्या वर. शिवाय रोज कापलेल्या लोखंडी पट्ट्या, ग्राइंडिंग व्हील, काचा, हातमोजे. याला कच्च्या मालाचं अनुदान लागतं आणि ते दर महिन्याला लागतं. उद्घाटनाच्या वेळी इमारत रंगवली जाते, इन्व्हर्टर वेल्डिंग सेट खोक्यातून बाहेर येतात, फोटो निघतात. तीन महिन्यांनी रॉड संपतात. मग मुलं फळ्यावर जोडाच्या आकृत्या काढतात. प्रमाणपत्र मात्र तेच मिळतं. कारखान्यातला फोरमन हातात होल्डर देतो, एक फिलेट, म्हणजे काटकोनातला जोड मारायला लावतो आणि दोन मिनिटांत त्याला कळतं. तुमचा भाऊ वेल्डर पास होऊन हेल्पर का आहे, याचं उत्तर बरेचदा इथे सापडतं. यात मुलाची चूक नसते.

तेव्हा केंद्राबद्दल विचारताना इमारतीचं सोडा. दर मुलामागे दर महिन्याला कच्च्या मालाला किती रुपये धरलेत, थ्री फेज वीज आणि तिचं बिल कोणाच्या खात्यातून, यंत्र बिघडलं तर दुरुस्तीचा करार आहे का, हे विचारा. आणि सर्वांत महत्त्वाचं : संस्थेला पैसे केव्हा मिळणार? केंद्राच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या आधीच्या टप्प्यांत प्रशिक्षण संस्थेला हप्त्यांत पैसे मिळत. तुकडी सुरू झाली की 30 टक्के, मोठा हिस्सा प्रमाणपत्रावर आणि नोकरी लागल्यावर उरलेला शेवटचा हप्ता. शेवटचा हप्ता लहान असला की संस्था तो सोडून देते आणि पुढची तुकडी भरते, तिला तेच परवडतं. म्हणून अशा संस्थांचं सगळं कसब मुलं गोळा करण्यात दिसतं, नोकरी लावण्यात दिसत नाही. राज्याला नवी योजना करायचीच असेल तर निम्मे पैसे नोकरीत तीन महिने टिकल्यावर द्यावेत, अशी अट उमेदवार मागतील का? त्यावर संस्थाचालक नाराज होतील. ते उमेदवाराच्या मंचावर बसलेलेही असू शकतात, म्हणूनच हा प्रश्न जाहीर सभेत विचारण्यासारखा आहे.

नोंदींचाही मुद्दा आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेची तपासणी सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने केली, तेव्हा बहुसंख्य लाभार्थ्यांच्या नोंदीत बँक खात्याच्या रकान्यात शून्यं, निरर्थक आकडे किंवा रिकामी जागा आढळली. ज्याचं खातंच माहीत नाही तो माणूस शिकला का, कामाला लागला का, हे कोण सांगणार? म्हणून यादी गावनिहाय आणि जाहीर हवी, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावता येईल अशी.

खरं सांगायचं तर नवीन 76 केंद्रांपेक्षा आहे त्या आयटीआयमध्ये निदेशक आणि रॉड भरणं स्वस्त पडेल आणि लवकर होईल. तालुक्याच्या आयटीआयमध्ये संस्था व्यवस्थापन समिती असते, त्यात स्थानिक उद्योजक असतात. उमेदवाराने निवडून यायची वाट न बघताही त्या समितीच्या मागच्या वर्षातल्या बैठकांचं इतिवृत्त मागवावं. बैठका किती झाल्या, पैसा किती पडून आहे, सगळं समोर येईल.

80 टक्के भूमिपुत्रांबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात नवा कायदा करायच्या आधी जुनी अट पाहा. राज्याच्या प्रोत्साहन योजनेतून सवलती घेणाऱ्या उद्योगांत एकूण 80 टक्के आणि पर्यवेक्षकांत 50 टक्के स्थानिक असावेत, हा शासन निर्णय 2008 पासून आहे. 'स्थानिक' म्हणजे राज्यात 15 वर्षं रहिवासी, फक्त मराठवाड्याचा नव्हे, हेही ध्यानात घ्या. 10 किंवा अधिक माणसांच्या खासगी उद्योगांना, महिना 30 हजारांपर्यंतच्या नोकऱ्यांसाठी, बांधणारा 75 टक्क्यांचा कायदा हरियाणाने केला होता. तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये रद्द केला. म्हणून नव्या कायद्याचं वचन टिकणं अवघड आहे. जुन्या अटीची अंमलबजावणी मात्र विचारता येते : जालना एमआयडीसीत सवलती घेणारे किती उद्योग आहेत, त्यांची शेवटची तपासणी केव्हा झाली, आणि ठेकेदाराची माणसं या टक्केवारीत धरली जातात का?

आता चौथं वचन. हे लिहिताना जीव जड होतो, कारण तुम्ही 11 महिने मन लावून काम केलंत. जुलै 2024 मध्ये आलेली ही योजना आधी सहा महिन्यांची होती, बारावीला 6, आयटीआय-पदविकेला 8 आणि पदवीधरांना 10 हजार रुपये अशी. पुढे ती 11 महिन्यांची झाली. शासन निर्णयात ते प्रशिक्षण होतं, नोकरीची हमी नव्हती. सरकारी कार्यालयात कायम करायचं म्हटलं तर सर्वोच्च न्यायालयाचा 10 एप्रिल 2006 चा उमादेवी प्रकरणातला निकाल आडवा येतो. खुली जाहिरात आणि स्पर्धा यांवाचून घेतलेल्याला कायम होण्याचा हक्क नाही, असं त्यात ठरलं. "सही करून कायम करतो" म्हणणारा माणूस एक तर हे जाणत नाही, किंवा जाणून बोलतोय.

मागता येईल ते वेगळं आहे. सरळसेवेत पद भरायला आधी मंजूर आकृतिबंध, म्हणजे कार्यालयातल्या पदांचा आराखडा लागतो, मग वित्त विभागाची मान्यता, मग बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला याची नोंदवही, तपासून घ्यावी लागते, मग मागणीपत्र, जाहिरात, टीसीएस किंवा आयबीपीएसकडून परीक्षा, कागदपत्र पडताळणी आणि नियुक्ती. अडतं कुठे? बहुतेक वेळा बिंदुनामावलीत. मागासवर्ग कक्षाकडे नोंदवही जाते, त्रुटी निघतात, परत येते, महिने जातात आणि बाहेर सगळे "भरती का निघत नाही" म्हणून विचारत बसतात. तुमच्या जिल्ह्यातल्या कोणत्या कार्यालयाची बिंदुनामावली प्रमाणित झालेली नाही, याची यादी उमेदवाराने मिळवावी आणि पाठपुरावा करावा. हजार पोरांचं भलं होईल. आणि प्रशिक्षणार्थींच्या अनुभवाला परीक्षेत काही गुण द्या, अशी मागणी ते करणार असतील तर ती कोणत्या सेवाप्रवेश नियमात बदल करून, तेही त्यांनी सांगावं.

तुम्ही स्वतः आंदोलनाच्या भरवशावर अभ्यास थांबवू नका. लिपिक-टंकलेखकाला पदवी आणि मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट टंकलेखन लागतं. कर सहायकाला दोन्ही लागतात. बी.कॉम. असाल तर कर सहायकाकडे नजर ठेवा आणि दोन्ही टंकलेखन प्रमाणपत्रं आत्ताच हाती घ्या. जाहिरात निघाल्यावर वर्ग लावणाऱ्यांची संधी हुकते. वयाची चिंता नको, खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 पर्यंत मुदत आहे. 11 महिन्यांच्या कामाचं प्रमाणपत्र घेतलं नसेल तर घ्या आणि त्यात काय काम केलं ते लिहून घ्या : आवक-जावक, देयकं, ऑनलाइन नोंदी. नुसतं "प्रशिक्षण पूर्ण केले" असं लिहिलेलं खासगी नोकरीत उपयोगी पडत नाही.

भावासाठी एक वाट आहे आणि ती कोणत्याही वचनावर अवलंबून नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली 30 किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि त्या मनुष्यबळात ठेकेदाराची माणसंही मोजतात. 200 माणसांच्या मिलला किमान 5. आयटीआय पास मुलाला 2019 च्या नियमांनी किमान 7,000 रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. हेल्परच्या रोजंदारीपेक्षा ते कमी वाटेल. ते खरंच कमी असेल. पण वर्षाअखेर परीक्षा देऊन मिळणारं राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र आणि वर्षभराची खरी आर्क, या दोन गोष्टी त्याला हेल्परच्या रांगेतून बाहेर काढतील. घर त्याच्या रोजावर चालत असेल तर तुम्हाला ताळेबंद मांडून ठरवावं लागेल. त्याने अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करावी आणि जिल्ह्याच्या मूलभूत प्रशिक्षण केंद्रात, म्हणजे बीटीआरआयमध्ये, प्रत्यक्ष जाऊन कोणत्या मिलच्या जागा रिकाम्या आहेत ते विचारावं. नोंदणीत करार झाला पाहिजे आणि कराराचा क्रमांक हाती आला पाहिजे. "शिकाऊ" म्हणून तोंडी ठेवून घेतलं तर तो पुन्हा हेल्परच. तोवर ठेकेदाराकडे आहे तिथे यूएएन आणि ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचा क्रमांक मागून घ्या. हातावर गरम सळी पडते तेव्हा ईएसआयसीचं कार्ड लागतं.

उमेदवाराला विचारायचा आमच्या मते सर्वांत चांगला प्रश्न यातूनच निघतो : "जालना एमआयडीसीतल्या 30 च्या वर माणसं असलेल्या किती कारखान्यांनी यंदा अडीच टक्के शिकाऊ उमेदवार घेतले, आणि ज्यांनी घेतले नाहीत त्यांच्या मालकांशी तुम्ही बोललात का?" याला नवा कायदा नको, अर्थसंकल्प नको, आमदारकीही नको. हीच माहिती तुम्हीही माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून मागू शकता, 30 दिवसांत उत्तर यायला हवं. रविवारच्या आधी येणार नाही, पण अर्जाची पोच घेऊन सभेला जा.

सभेत माइक हातात आला की लांब बोलू नका. एक प्रश्न, एक आकडा, एक तारीख. शिकाऊ उमेदवारांचा आधी, 371(2) चा नंतर, वेळ मिळाला तर प्रशिक्षण संस्थांच्या शेवटच्या हप्त्याचा. मैत्रिणीला एक प्रश्न द्या, तिसरीला एक. उत्तर "बघू, नक्की करू" असं आलं तर "कोणत्या अधिवेशनात?" एवढंच विचारा. भ्रमणध्वनीवर चित्रीकरण करून ठेवा आणि लेखी उत्तर मागा. उमेदवार म्हणाले, "हे माझ्या हातात नाही, पण एवढं एवढं करीन", तर त्यांना कमी लेखू नका. आमच्या हिशेबी तेच उत्तर सगळ्यांत भरवशाचं आहे.

आणि तुमचं मत आहे का ते आधी तपासा. विधानसभेच्या यादीत नाव असलं म्हणून पदवीधरांच्या यादीत असतंच असं नाही. ही यादी दर निवडणुकीला नव्याने होते, मागच्या वेळी नाव होतं म्हणून चालत नाही. 1 नोव्हेंबर ही पात्रतेची तारीख धरून त्याआधी किमान 3 वर्षं पदवी झालेली असावी, तुमची 2019 ची चालते. नमुना 18 चा अर्ज, पदवी प्रमाणपत्र किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत, रहिवासाचा पुरावा आणि फोटो तहसील कार्यालयात लागतो. यादी लागली असेल तरी नाव नसल्यास निवडणूक जाहीर होण्याआधीच अर्ज टाका. मतपत्रिकेवर केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या पेनानेच पसंतीचा आकडा लिहायचा, 1 सर्वांत आधी. टिकमार्क केली, अक्षरात 'एक' लिहिलं, सही केली किंवा आपला पेन वापरला की मत बाद होतं. पदवीधरांची मतंही यात बाद होतात. 1 चा आकडा दिल्याशिवाय 2 आणि 3 मोजले जात नाहीत, पण ते द्यायचे की नाही ही तुमची मर्जी.